मेजरांची डावी मूठ

डाव्या हाताला खाज सुटली की आमचे मेजर डावा गाल खाजवायचे. डावा हात त्यांना नव्हता. पासष्टच्या लढाईत तो कोपराच्या वरपासून गेला होता आणि सदऱ्याची रिकामी बाही दुमडून ते खांद्यापाशी सेफ्टी पिन लावत.

मी खोली बघायला गेलो तेव्हा ते ओट्यावर बसून कानाजवळचा गाल कराकरा खाजवत होते. म्हणाले, "करंगळी लई खाजतीया."

मी त्यांच्या उजव्या करंगळीकडे पाहिलं. ती मांडीवर स्वस्थ पडली होती.

"ती न्हवं. ह्या हाताची," असं म्हणून त्यांनी रिकामी बाही हलवली, पुन्हा गाल खाजवला आणि समाधानाने डोळे मिटले. "हां. आता बरं वाटलं. तू कालिजात हाईस व्हय?"

खरं तर मी तिथूनच माघारी फिरायचो. पण दुष्काळाचं वर्ष होतं, नगरमध्ये खोली मिळाली तर पाणी नव्हतं आणि पाणी असेल तिथे खोली नव्हती. भिंगारच्या या घराच्या परसात आड होता आणि त्याला तळाशी का होईना, पाणी होतं. मी ट्रंक आत ठेवली.

मेजर म्हणजे खरे मेजर नव्हेत. फौजेत ते ट्रक चालवायचे. पण आमच्याकडे फौजेतून परत आलेला माणूस कुठल्याही हुद्द्याचा असो, गाव त्याला मेजरच म्हणतं. हे मूळचे पारनेरच्या बाजूचे. हात गेल्यावर पेन्शनीत भिंगारला घर केलं आणि बायकोला घेऊन राहिले. त्यांच्या बायकोला मी मावशी म्हणायचो. मूलबाळ नव्हतं.

मी मानसशास्त्र घेऊन बी.ए. करत होतो. राहुरीजवळच्या आमच्या वस्तीवर हा विषय कुणाला सांगता यायचा नाही. वडिलांनी एकदाच विचारलं होतं, "ते येड्यांचं आसतंय का शान्यांचं?" मी म्हणालो, "दोघांचं." त्यावर ते म्हणाले, "मंग दोनी ठिकानी नोकरी मिळंल." मेजरांना मात्र माझ्या विषयाचं फार कौतुक. मानसशास्त्रात प्रात्यक्षिकं असतात आणि त्यांना माणूस लागतो, ज्याच्यावर प्रयोग करायचा तो. पुस्तकात त्याला प्रयोज्य म्हणत. मेजर म्हणायचे, "मला घे की. फौजेत आमच्यावर सगळ्यांनीच प्रयोग केल्यात." मी त्यांना निरर्थक शब्दांच्या याद्या पाठ करायला लावल्या, डोळे बांधून वजनं ओळखायला लावली. ते मन लावून सगळं करायचे आणि शेवटी विचारायचे, "पास का?"

त्यांच्या घरात त्या हाताचे काही कायदे होते. मेजरांच्या डाव्या बाजूला कुणी बसायचं नाही. बाकावर, ओट्यावर, जेवताना, तिकडे एक हातभर जागा मोकळी. कुणी नवखा बसलाच तर मेजर कळवळून म्हणत, "आरं आरं, चेंगरला!" आणि तो बिचारा उडी मारून उठायचा. थंडीत मावशी लोकरीचं फडकं तव्यावर गरम करून त्यांच्या डाव्या मांडीवर पसरायच्या, जिथे हात विसावला असता तिथे. मेजर म्हणत, "आता ऊब लागली." एकदा मी मावशींना हळूच विचारलं, तुम्हाला हे चमत्कारिक नाही वाटत?

"सुरवातीला लई भ्याले म्या," त्या म्हणाल्या. "हात गेला त्याचं दुक्क न्हाई रं. पन गेलेला हात घरातच ऱ्हातोय. भगत झाला, डाक्टर झाला. डाक्टर म्हन्ला, मनाचे खेळ. भगत म्हन्ला, हात पुरला न्हाई म्हनून आसं. आता ते कुटं पुरायला जानार? पंजाबात?"

न्हाव्याकडचा प्रकार मी स्वतः पाहिला. न्हावी डाव्या गालावर वस्तरा फिरवत होता आणि मेजर त्याला सांगत होते, "हळू. आंगठा हाय तिथं. हां, आता पैलं बोट. आता तळवा." न्हाव्याने घाबरून वस्तराच काढून घेतला. म्हणाला, "मेजर, ही बाजू तुमी घरी करीत जा." तेव्हापासून त्यांच्या डाव्या गालावरची दाढी नेहमी थोडी वाढलेली असायची.

त्यानंतर काही दिवसांनी आमच्या सरांनी वर्गात मेंदूचं एक चित्र दाखवलं. मेंदूच्या एका पट्टीवर सगळं शरीर आडवं मांडलेलं होतं. पाय, धड, दंड, मग भलामोठा पंजा, आणि पंजाला लागून चेहरा. त्वचेवर कुठेही स्पर्श झाला की पट्टीवरची ती ती जागा जागी होते, असं सर सांगत होते. बाकीची मुलं त्या बेढब चित्राला हसत होती. मला न्हाव्याचा वस्तरा आठवला. पंजा आणि चेहरा शेजारीशेजारी! तास संपल्यावर मी सरांना मेजरांच्या गालाचं सांगितलं. सर सज्जन होते, पण पुस्तकाबाहेर पाऊल टाकत नसत. "योगायोग असेल," ते म्हणाले. "आणि प्रयोज्य निवडताना तो धडधाकट निवडावा."

मी संध्याकाळी घरी जाऊन मेजरांच्या डोक्याच्या उजव्या बाजूला बोट लावलं. म्हणालो, "मेजर, तुमचा डावा हात इथे आहे. अजून शाबूत आहे."

ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आसं व्हय. मंग डाक्टरनं कापला त्यो कोन्चा?"

आणि स्वतःच हसत सुटले.

एवढंच असतं तर मेजर हे एक गमतीचं माणूस म्हणून माझ्या लक्षात राहिले असते. पण त्या हाताची मूठ आवळलेली होती. खाज, ऊब, अंगठा हे सगळं चांगल्या दिवसांचं. वाईट दिवशी मूठ घट्ट व्हायला लागायची. मग मेजर बोलायचे बंद होत. उजव्या हाताने खाटेची कड धरत, कपाळावर घामाचे थेंब येत आणि दात आवळून म्हणत, "नखं रुतत्यात. तळव्यात नखं रुतत्यात." मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला कळेना कुठे बघू. जिथे ते बघत होते तिथे काहीच नव्हतं, खाटेची नवार होती. आणि वेदना इतकी खरी, की माझ्याच हाताची बोटं आखडली.

"उघडा ना मूठ," मी मूर्खासारखं म्हणालो.

"उघडत न्हाई, पोरा. सात वरसं झाली. उघडत न्हाई."

"पण मुठीत धरलंय काय?"

मेजरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी एक पाऊल मागे सरलो. ते उठले आणि परसात निघून गेले. मावशी चुलीपाशी रेशनवर मिळणाऱ्या मिलोच्या, म्हणजे परदेशी लाल ज्वारीच्या भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ते इचारायचं न्हाई."

पुढच्या प्रात्यक्षिकाला आरसा होता. एक लाकडी पाट, त्यावर पितळेची चांदणी बसवलेली, पलीकडे उभा आरसा, आणि हात थेट दिसू नये म्हणून वर पत्र्याची झडप. आरशात बघत चांदणीच्या कडेने पेन्सिल फिरवायची. सोपं वाटतं, पण आरशात सगळं उलटं, त्यामुळे माणूस पहिल्याच वळणावर अडकतो. सरांच्या परवानगीने मी ते सगळं रविवारी घरी आणलं. मेजर दुपारचे जेवून ताजेतवाने होऊन बसले होते.

"चांदनी काढायची ती बी आरशात बघून? मानसशास्त्र का उलटशास्त्र?"

आरशाचा स्क्रू ढिला होता. आरसा सारखा घसरायचा. शेवटी मी तो काढला आणि स्क्रू आवळण्यासाठी सुरी आणायला उठलो. आरसा ठेवायला जागा नव्हती म्हणून मेजरांच्या पुढ्यातच, छातीच्या मधोमध येईल असा, ट्रंकेला टेकवून आडव्या बाजूने उभा केला. त्याचं तोंड त्यांच्या उजव्या हाताकडे होतं. मी सुरी घेऊन वळलो तर मेजर मान किंचित वाकवून आरशात बघत होते.

मी त्यांच्या मागे जाऊन वाकून पाहिलं. त्यांच्या उजव्या मुठीत पेन्सिल होती. आरशात त्या मुठीची प्रतिमा पडली होती. आणि ती बरोबर त्या जागी दिसत होती, जिथे त्यांचा डावा हात असायला हवा होता. मेजरांना दोन हात होते.

"आरसा हलवू नगंस," ते कुजबुजले.

मग त्यांनी उजवी मूठ उघडायला सुरुवात केली. हळूहळू, एकेक बोट. पेन्सिल घरंगळली. आरशातली बोटंही उघडत गेली, आणि मेजरांच्या घशातून एक आवाज निघाला. तसा आवाज मी माणसाकडून कधी ऐकला नव्हता. गाभण म्हैस मोकळी होताना काढते, तसा काहीसा.

"उघडली! उघडली रं! आगं ए, मूठ उघडली माजी!"

मावशी धावत आल्या. मेजरांचा चेहरा घामाने निथळत होता. ते उजव्या हाताची बोटं मिटत होते, उघडत होते, पुन्हा मिटत होते, आणि नजर आरशावरून ढळत नव्हती. "नखं निघाली तळव्यातनं. बग, बग, वारं लागतंय तळव्याला." मी खुळ्यासारखा आरशाच्या मागे डोकावलो. तिथे माझी ट्रंक होती, दुसरं काही नव्हतं.

मेजर त्या दुपारी तिथेच आडवे झाले आणि झोपले. मावशी त्यांच्या उशाशी बसून राहिल्या, हाताला पीठ तसंच. "काय केलंस तू?" त्यांनी मला विचारलं. आवाज भेदरलेला होता. "मंतर घातलास का?"

"मावशी, मी काहीच केलं नाही. स्क्रू ढिला होता."

मला वाटलं, आता घरात आनंदीआनंद होईल. मी तर मनातल्या मनात कॉलेजच्या स्टेजवर जाऊन पोचलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहतो तर मेजर भिंतीकडे तोंड करून बसलेले. आरसा पालथा घातलेला. चहा तसाच, वर साय धरलेली. मावशींनी मला डोळ्याने खूण केली, बोलू नकोस. मी कॉलेजला जाऊन आलो तरी ते तसेच. मी बाजूला जाऊन बसलो. उजवीकडे.

"दुखतंय का परत?"

"न्हाई," ते म्हणाले. "सोडला मी त्याला."

"कुणाला?"

आणि मग त्यांनी भिंतीकडेच बघत सांगितलं. त्यांच्या ट्रकवर दुसरा एक जवान असायचा, राजूरकडच्या डोंगरातला. बुधा त्याचं नाव. दारूगोळा घेऊन चालले होते. विमान आलं. ट्रक पेटला. मेजर बाहेर फेकले गेले, बुधाचे पाय आत अडकले. मेजर परत चढले. उजव्या हाताने दरवाजा धरला आणि डाव्या हाताची मूठ बुधाच्या कमरेच्या पट्ट्यात घालून ओढायला लागले.

"त्यो म्हनत हुता, सोड, तू बी मरशील. म्या म्हन्लं, सोडत न्हाई. आईच्यान सोडत न्हाई. मंग मागचा माल उडाला."

त्यांनी उजव्या हाताने रिकामी बाही धरली.

"दवाखान्यात जागा झालो. डोळं उघडायच्या आदी मला कळलं, मूठ आवळलेली हाय. म्हन्लं, हाय, आजून धरलाय. डाक्टर म्हन्ला हात न्हाई. म्या म्हन्लं, बरं. पन मूठ हाय. सात वरीस म्या त्याला धरून हुतो, पोरा. दुखायचं, नखं रुतायची, पन म्या कदी देवाला म्हन्लो न्हाई का मूठ उघड. काल तुज्या आरशात बोटं उघडली..." त्यांनी उजवा पंजा माझ्यासमोर पसरला. "आन् मुठीत कायबी न्हवतं."

परीक्षेसाठी मी वेदनेची व्याख्या पाठ केली होती आणि ती तेव्हा मला शब्दशः आठवत होती. तो प्रकार इतका भयंकर वाटला की मी उठून परसात गेलो आणि आडाचं पाणी काढून डोक्यावर ओतलं.

सरांना मी सगळं सांगितलं. या खेपेला ते योगायोग म्हणाले नाहीत. संध्याकाळी सायकलवरून स्वतः भिंगारला आले, मेजरांना नमस्कार केला, आणि मेजरांनी त्यांना आरशातली मूठ उघडून दाखवली. मनावर दगड ठेवून दाखवली, मला दिसत होतं. सर चष्मा काढून पुसत राहिले. जाताना मला म्हणाले, "हे प्रात्यक्षिकात लिहू नकोस. बाहेरचे परीक्षक तुला नापास करतील. आरसा मात्र राहू दे त्यांच्याकडे. फुटला म्हणून कॉलेजात सांगून मी बघून घेतो." कितीतरी वर्षांनी, मी स्वतः शिकवायला लागल्यावर, परदेशात कुणी डॉक्टर हात गेलेल्या माणसांना असाच आरसा देतो असं वाचलं. मी ते पान घेऊन खुर्चीत बसून राहिलो. मुलांनी विचारलं, सर, काय झालं? सांगायला भिंगारपासून सुरुवात करावी लागली असती.

आठवडाभराने मेजर म्हणाले, "राजूरला जायचंय. त्याची आई हाय. म्या कदी गेलो न्हाई."

"इतक्या वर्षांत एकदाही नाही?"

"कसा जानार? जाऊन सांगावं लागंल का त्यो सुटला. धरलेला हुता तवर सांगायचं काय कारन न्हवतं." मग जरा थांबून, "तू येतोस? मला बोलता आलं न्हाई तर तू बोल. मानसाच्या मनाचं शिकतोस ना."

एस.टी.ने संगमनेर, तिथून अकोले, आणि अकोल्याहून राजूर. मेजर डावी बाजू खिडकीकडे करून बसले, कुणाच्या अंगाखाली हात चेंगरू नये म्हणून. राजूरला बाजार होता. एका बांगडीवाल्याने घर सांगितलं. गावाबाहेर, चढावर. कारवीच्या कुडाचं घर, पुढे सारवलेलं अंगण, आणि अंगणात एक म्हातारी सुपात नाचणी पाखडत होती. बारीक, काळी, ताठ. तिने आधी मेजरांच्या बाहीकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"फौजंतला का?" तिने विचारलं.

"व्हय."

"माज्या बुधासंगचा?"

मेजरांनी मान हलवली. तिने सूप बाजूला ठेवलं, आत गेली, तांब्या आणला. मेजर पाणी प्याले नाहीत. तांब्या हातात धरून उभेच राहिले. ते माझ्याकडे बघतील असं मला वाटलं, मी वाक्यं जुळवून ठेवली होती. पण त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही.

"आये," ते म्हणाले, "म्या धरला हुता त्याला. पट्ट्याला धरला हुता. सोडनार न्हाई म्हन्लो हुतो. पन सुटला. माज्या हातनं सुटला त्यो."

खाली बाजारातला गलका वर ऐकू येत होता. म्हातारी पुढे आली आणि तिने मेजरांच्या दुमडलेल्या बाहीची पिन काढली. मला वाटलं, ती त्यांना मारणार. तिने बाही सोडली, आत हात घालून उरलेल्या दंडाचं टोक चाचपलं. एखाद्या वासराला चाचपावं तसं.

"कंच्या हातानं धरलं हुतंस?"

"ह्याच."

"मंग हात कुटं हाय?"

"तिथंच ऱ्हायला, आये. त्याच्यासंगं."

म्हातारीने दंडावरचा हात काढला नाही. "मंग सुटला कुटं?" ती म्हणाली. "तुजा हातच गेला की त्याच्यासंगं. आन् मला कागुद आला, त्यात कायबी न्हवतं. मला वाटायचं, एकलाच गेला."

मेजर मट्कन अंगणात बसले. तांब्यातलं पाणी सांडलं.

तिने आम्हाला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. नाचणीची भाकर, हुलग्याचं पिठलं. आम्हाला वाढायच्या आधी तिने भाकरीचा एक तुकडा मोडून त्यावर पिठलं घातलं आणि बाहेर कुडाच्या कडेला कावळ्यासाठी ठेवला. हे ती रोज करत असावी, कारण कावळा तयारच होता. मग परत येऊन तिने आणखी एक तुकडा मोडला, लहानसा, आणि पहिल्याच्या शेजारी नेऊन ठेवला.

"ह्यो कुनाचा, आये?" मेजरांनी विचारलं.

"तुज्या हाताचा," म्हातारी म्हणाली. "सात वरसं उपाशी हाय त्यो."

मेजर त्या दोन तुकड्यांकडे बघत होते. दोन्ही कावळ्याने उचलेपर्यंत बघत राहिले. मग त्यांनी भाकरी पुढे ओढली, मांडी नीट घातली आणि म्हातारीला म्हणाले, "बस की आये जेवायला. हितं बस, माज्या डाव्या बाजूला."